कानाला दडा बसला: मळ, पाणी की आणखी काही?

पावसाळा लागला की कान-नाक-घसा डॉक्टरांकडे एक तक्रार हमखास येते. कालपर्यंत कान ठीक होता, सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि एका कानाला दडा बसला. स्वतःचा आवाज आत घुमतो, समोरचा माणूस लांबून बोलतोय असं वाटतं. मग करंगळी घालून कान हलवणं, एका पायावर उड्या मारणं, कापसाची काडी, कोमट तेल असं सगळं होतं आणि संध्याकाळपर्यंत दडा होता त्याहून घट्ट बसतो.

पाणी अडकलंय असं वाटत असलं, तरी बहुतेक वेळा अडकलेला असतो आधीपासून आत असलेला मळ. या मळात मेलेल्या त्वचेचे पापुद्रे भरपूर असतात आणि ते पाणी पिऊन फुगतात. कानाच्या नळीत केसभर फट असेल तोवर आवाज आत जातो, त्यामुळे नळी बरीचशी भरलेली असली तरी कळत नाही. फुगलेल्या मळानं ती शेवटची फट बुजवली की ऐकणं एकदम मंदावतं. मळ साचतो महिनोन्‌महिने, कळतो मात्र एका अंघोळीत.

२०२७च्या पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या आहेत. रामकुंडात बुडी मारायचा बेत असलेल्यांनी कानांचा विचार आदल्या दिवशी करून भागणार नाही, कारण साचलेला मळ एका दिवसात सुरक्षितपणे निघेलच असं नाही.

मळ कुठे तयार होतो आणि कुठे जातो

मोठ्या माणसाच्या कानाची नळी भोकापासून पडद्यापर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ७ मिलिमीटर रुंद असते. ती सरळही नसते, किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे दाबला तर दबणारा. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्या हाडावरची त्वचा इतकी पातळ असते की काडी नुसती टेकली तरी कळ येते. टोकाला पडदा, त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी.

मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या, कूर्चेच्या भागात असतात. त्यांचा तेलकट स्राव, सुटलेली त्वचा, बारीक केस आणि धूळ मिळून मळ होतो. पडद्याजवळ मळ बनतच नाही. म्हणून पडद्याला टेकलेला मळाचा गोळा दिसला, की तो कशानं तरी आत ढकलला गेलाय हे डॉक्टर लगेच ओळखतात.

बाहेर येण्याची सोय शरीरानंच केलेली आहे. इतर ठिकाणची त्वचा जागच्या जागी वाढून झडते. कानातली त्वचा मात्र पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेनं सरकत राहते. निर्यातीची द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये घड पट्ट्यावर पडले की ते उचलून पुढे न्यावे लागत नाहीत, पट्टाच नेतो, तसंच हे. वेग दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे जवळपास नख वाढण्याचा. जेवताना, बोलताना जबडा हलतो आणि नळीच्या बाहेरच्या भागातला मळ सुटायला त्याची मदत होते. सुटलेला मळ कोरडा होऊन झोपेत उशीवर पडतो, अंघोळीत वाहून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

मळाला घाण समजण्याचं कारण नाही. त्याच्या तेलामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, तो किंचित आम्ल असल्यानं जंतू आणि बुरशीला वाढ कठीण जाते, आणि जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम हे द्रव्यही त्यात असतं. कान रोज चकचकीत कोरडा ठेवणाऱ्यांचेच कान जास्त खाजतात ते यामुळे. मळाचा रंग पिवळा, तपकिरी, अगदी काळपट असला तरी काही बिघडलेलं नसतं. जुना मळ हवेनं काळवंडतो. तो ओला-चिकट की कोरडा-भुसभुशीत, हेही जन्मतःच ठरतं. एबीसीसी-११ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं ते ठरतं, असं जपानी संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं. त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही.

मग माझ्याच कानात का साचतो?

पट्टा अडला की साचतो. काहींची नळी मुळात अरुंद किंवा जास्त वाकडी असते. काहींच्या कानात केस दाट असतात. पुरुषांत वयाबरोबर ते राठ होतात आणि मळ त्यात गुंततो. वय वाढलं की ग्रंथींचा स्राव कमी होतो, मळ कोरडा आणि कडक होतो. एक्झिमा किंवा सोरायसिससारखा त्वचारोग असेल तर त्वचा जास्त सुटते. याखेरीज कानात तासन्‌तास काहीतरी बसवून ठेवणारे: श्रवणयंत्र वापरणारे, कारखान्यात इअरप्लग घालणारे, दिवसभर इअरबड लावून कॉल घेणारे. या वस्तू मळ वाढवत नाहीत, वाट अडवतात आणि आतला ओलावा कोंडतात.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्रास होण्याइतका मळ साधारण दहातल्या एका मुलाला आणि विसातल्या एका प्रौढाला होतो. वृद्धांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर जातं. याचा अर्थ बाकीच्या एकोणीस प्रौढांना कानासाठी काहीही करायची गरज नसते. अंघोळ झाल्यावर टॉवेलच्या कोपऱ्यानं पाळी आणि भोकाची कड पुसली की झालं. करंगळी जिथवर सहज पोचते तिथवर आपली हद्द.

'पण काडीवर मळ येतो ना, म्हणजे निघतोच की!'

काडीवर येतो तो बाहेरच्या कडेचा थोडा मळ, जो तसाही दोन-चार दिवसांत पडणारच होता. उरलेला आत जातो. कापसाच्या बोंडाची जाडी आणि नळीची रुंदी यांत फारसं अंतर नसतं, त्यामुळे बोंड मळाच्या बाजूनं जाऊन त्याला मागून ओढून आणू शकत नाही, समोरून ठासतं. आतल्या हाडाच्या भागात गेलेला मळ पुन्हा पट्ट्यावर चढायला फार वेळ घेतो. रोज एक घाव याप्रमाणे वर्षभरात तिथं दगडासारखा खडा तयार होतो.

दुसरं नुकसान त्वचेचं. घासल्यानं तेलाचा थर जातो, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, खाजवायला पुन्हा काडी जाते. या चक्रात अडकलेल्या माणसाला वाटतं की आपला कान फारच घाण होतो म्हणून खाजतो. प्रत्यक्षात काडीच खाज निर्माण करत असते. काडी बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज जास्त जाणवते, तिथंच बहुतेक जण हार मानतात. नेटानं काढले ते दिवस तर खाज बहुधा शमते. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत कोरडेपणानं खाज आणखी वाढते. पडदा शाबूत आहे हे माहीत असेल तर आठवड्यातून एकदा ऑलिव्ह तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. तरीही खाज राहिली तर बुरशी किंवा एक्झिमा आहे का, हे तपासून घ्यावं.

तिसरं नुकसान इजेचं. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काडीनं कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं तातडीच्या विभागात आली, रोज ३४च्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकांचा कान साफ करणं चालू होतं. आपल्याकडे तर काडीवरच थांबत नाही: गाडीची किल्ली, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, पेनाचं टोपण, नेलकटरच्या संचातलं कानकोरणं. कोणी मागून धक्का दिला, मूल मांडीवर उडी मारून बसलं, की पडद्याला भोक. १ जुलै २०२२पासून प्लॅस्टिकच्या दांडीच्या काड्यांवर देशात बंदी आली, त्या जागी कागदाच्या आणि बांबूच्या आल्या. नदी-नाल्यांचं भलं झालं. कानाला दांडी कशाची आहे यानं काही फरक पडत नाही.

'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेल घालतात'

तेल मळ मऊ करतं, यात चूक काही नाही. ब्रिटनमध्येही आधी ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे थेंबच सुचवतात. गडबड होते ती तीन ठिकाणी.

एक, तापवलेलं तेल. नाशिकच्या थंडीत खोबरेल थिजतं, मग पळी गॅसवर धरली जाते, लसणाची पाकळी तडतडवली जाते. हाताला 'कोमट' वाटणारं तेल कानाच्या पातळ त्वचेला आणि पडद्याला भाजू शकतं. म्हणून थंडीत न थिजणारं तेल वापरावं आणि चुलीपासून लांब ठेवावं.

दोन, फुटलेला कान. लहानपणी कान वाहायचा आणि पुढे आपोआप थांबला, अशा अनेकांच्या पडद्याला अजून भोक असतं आणि त्यांना ते माहीत नसतं. तेल त्या भोकातून मधल्या कानात गेलं की जंतुसंसर्ग पुन्हा उफाळतो.

तीन, रोजची सवय. काही तक्रार नसताना दर रविवारी कान भरून तेल घातलं तर त्यात धूळ बसते, ओलावा धरतो आणि पावसाळी हवेत बुरशीला आयतं घर मिळतं. औषध म्हणून चार-पाच दिवस घालणं वेगळं, रिवाज म्हणून वर्षभर घालणं वेगळं.

घरी मळ मऊ करायचा तर

आधी कोणी करू नये ते. कान दुखतोय, वाहतोय, ताप आहे. पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी कान वाहत होता. कानाचं ऑपरेशन झालंय, पडद्यात नळी बसवलेली आहे. एकाच कानानं ऐकू येतं आणि दडा नेमका त्याच कानाला आहे. यांनी घरी काहीही न घालता डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असलेल्यांनीही आधी कान दाखवून घ्यावा, कारण पुढे येईल.

बाकीच्यांसाठी पद्धत सोपी आहे, पण घाईत केली तर थेंब गालावर आणि उशीवर जातात. बाटली मुठीत दोन-तीन मिनिटं धरा, म्हणजे थेंब अंगाइतके कोमट होतील. थंड थेंब गेले तर चक्कर येते. दडा बसलेला कान वर करून कुशीवर झोपा. कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्यानं नागमोडी नळी सरळ होते. ही एक गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि औषध बाहेरच्या वळणावरच थांबतं. ड्रॉपर कानाला न टेकवता नळीच्या भिंतीवरून तेलाचे दोन-तीन थेंब ओघळू द्या. थेट मध्यात टाकले तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो. मग भोकासमोर जी कूर्चेची छोटी टोपी असते ती बोटानं हळूहळू पाच-सहा वेळा दाबा. पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. उठल्यावर जे बाहेर ओघळेल तेवढंच पुसा, आत कापसाचा बोळा कोंबू नका, तो औषध पिऊन टाकतो.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत दडा वाढल्यासारखा वाटेल, कारण मळ फुगतोय. तेव्हा घाबरून काडी घालायची नाही. दोन्ही कान भरलेले असतील तर एका वेळी एकच घ्या, नाहीतर दोन दिवस घरात हातवारे करून बोलावं लागेल. मऊ झालेला मळ पुढच्या एक-दोन आठवड्यांत तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येतो.

थेंब कोणते? ऑलिव्ह तेल, बदाम तेल (सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर नको), मेडिकलमध्ये मिळणारं सोडा-ग्लिसरीन, किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन, बेंझोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असलेले नेहमीचे कानाचे थेंब. विकतच्या औषधाचं प्रमाण बाटलीवर किंवा चिठ्ठीवर असेल तेच धरा. महाग थेंब जास्त गुणकारी, असं समजू नका: कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेते, तिच्या २०१८च्या आढाव्यात कोणतेही एक थेंब दुसऱ्याहून सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. टर्पेंटाइनवाल्यांनी काहींच्या कानात चांगलीच आग होते. झाली तर थांबवा. सोड्यानं त्वचा कोरडी पडते, म्हणून तेही पाच दिवसांच्या पुढे नको.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल एक सूचना. इंटरनेटवर सांगितलेलं असतं ३ टक्क्यांचं द्रावण. आपल्याकडे जखमेसाठी मिळणाऱ्या '२० व्हॉल्यूम'च्या बाटलीत ते साधारण ६ टक्के, म्हणजे दुप्पट तीव्र असतं. ती बाटली कानात उपडी करू नका.

डॉक्टर नेमकं काय करतात

आधी कानात दिव्याच्या दुर्बिणीनं पाहतात. मळ, पडदा, सूज, बुरशी यांतलं काय आहे ते ठरल्यावरच पुढचं. मळ काढायच्या मुख्य पद्धती तीन. बाहेरच्या बाजूला कडक खडा असेल तर बारीक कडीच्या सळईनं किंवा चिमट्यानं डोळ्यादेखत ओढून काढतात. आत खोल असेल तर मायक्रोस्कोपखाली बारीक नळीनं शोषून घेतात. या सक्शनचा आवाज कानात मोठा येतो, किंचित गरगरतं, पण कान कोरडा राहतो. तिसरी जुनी पद्धत पाण्याच्या पिचकारीची. त्यात पाणी अंगाच्या तापमानाचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास लागतं. गार किंवा गरम पाणी गेलं की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकेतला द्रव हलतो आणि खोली फिरायला लागते. धार पडद्यावर न मारता नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात, म्हणजे पाणी मळाच्या मागून वळून त्याला बाहेर लोटतं.

हे वाचून घरी इंजेक्शनची सिरिंज हातात घेऊ नका. दाब किती लागतोय ते हाताला कळत नाही आणि पडदा शाबूत आहे की नाही तेही दिसत नाही.

मळ फारच कडक असेल तर डॉक्टर पाच दिवस थेंब घालून परत बोलावतात. एकाच फेरीत न काढता परत पाठवलं म्हणून नाराज होणारे बरेच भेटतात. सुकलेला खडा ओढताना त्याला चिकटलेली त्वचा सोलवटते, तेवढ्यासाठी ते थांबतात.

मधुमेह असलेल्यांबाबत वेगळी काळजी का? त्यांच्या मळाचा आम्लपणा कमी असतो, म्हणजे जंतूंविरुद्धचा पहिला पहारा ढिला असतो. ओरखडा आणि पाणी यांच्या जोडीनं स्युडोमोनास नावाचा जंतू शिरला तर संसर्ग नळीच्या त्वचेवर न थांबता कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो. वयस्कर मधुमेहींमध्ये हा आजार जीवघेणा ठरू शकतो. रात्री झोप उडवणारं कानाचं ठणकणं हे त्याचं लक्षण. म्हणून साखर असलेल्यांनी पिचकारीऐवजी कोरड्या पद्धतीनं मळ काढा, असं डॉक्टरांना आपणहून सांगावं.

मेणबत्ती, कॅमेरा आणि घाटावरची सळई

कानात पोकळ मेणबत्ती लावून पेटवायची, तिच्या ओढीनं मळ वर येतो, असा दावा असतो. अशी ओढ तयारच होत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. शेवटी मेणबत्ती चिरून दाखवतात तो तपकिरी गाळ तिच्याच मेणाचा. भाजण्याचा धोका मात्र खरा, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं याविरुद्ध इशारा दिलेला आहे.

मोबाइलला जोडायचा कॅमेरावाला चमचा आता ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. कानात काय आहे ते दिसतं हे खरं. पण मोबाइलच्या पडद्यावरचं चित्र सपाट असतं, खोली कळत नाही, आणि हात उलटा-सुलटा चालतो. बघण्यासाठी वापरलात तरी पुढचा चमचा काढून ठेवा.

घाटावर, स्टँडवर, जत्रेत कान साफ करून देणारे असतात. त्यांच्या हाताला सराव असतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच सळई आणि तोच चिमटा एका कानातून दुसऱ्यात जातो, दिवा नसतो, आणि रंगीत औषधाच्या बाटलीत काय आहे ते कोणी सांगत नाही. तुमच्या कानातून 'खडा' निघाला म्हणून दाखवण्याची हातचलाखीही जुनीच आहे.

पर्वणी, पाणी आणि बुरशी

ज्यांना वारंवार मळ साचतो त्यांनी पर्वणीच्या तीन-चार आठवडे आधी कान तपासून घ्यावेत. आदल्या दिवशी साफ केलेल्या कानावर तेलाचा थर उरलेला नसतो, आणि पावसाळ्यातलं गोदावरीचं गढूळ पाणी तेव्हाच जास्त चावतं. पडद्याला भोक असलेल्यांनी बुडी मारू नये. ओंजळीनं डोक्यावर पाणी शिंपडावं, तेही कानात कापूस ठेवून. असा कापूस कोरडा ठेवून उपयोग नाही. लहानसा गोळा करून त्याला बाहेरून व्हॅसलिन चोपडा आणि भोकाच्या तोंडाशी बसवा. रोजच्या डोक्यावरच्या अंघोळीलाही हेच.

पाण्यातून बाहेर आल्यावर मान एका बाजूला झुकवा, पाळी वर-मागे ओढून अर्धा मिनिट थांबा, मग दुसरी बाजू. टॉवेलच्या कोपऱ्यानं कड टिपा. हेअर ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, अर्ध्या-एक मिनिटासाठी.

तरी चार-पाच दिवसांनी कान सतत खाजायला लागला, भरल्यासारखा वाटला, आत पांढरट-करडा ओला थर आणि काळे ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे. ॲस्परजिलस आणि कँडिडा या दोन नेहमीच्या. यावर मळाचे थेंब चालत नाहीत, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेले अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे थेंब तर बुरशीला खतपाणीच घालतात. कान साफ करून बुरशीनाशक थेंब सांगितले तितके दिवस घालावे लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की पुढच्या पावसात पुन्हा तेच.

प्रत्येक दडा मळाचा नसतो

मुंबईहून येताना कसारा घाट चढला की कानाला दडे बसतात. हा हवेच्या दाबाचा खेळ आहे. मधल्या कानाला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी एक बारीक नळी असते, ती उघडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. आवंढा गिळला, जांभई दिली की खट्‌ आवाज होऊन कान मोकळा होतो. सर्दीत ही नळी सुजते आणि दडा दिवसेंदिवस राहतो. इथं कानात थेंब घालून काही होणार नाही, बिघाड पडद्याच्या पलीकडे आहे.

खरी भीती एका वेगळ्याच दड्याची आहे. सकाळी उठल्यावर अचानक एक कान बंद, आत शीळ वाजतेय, कधी सोबत चक्कर. हे आतल्या कानाच्या किंवा श्रवणाच्या नसेच्या बिघाडानं झालेलं अचानक बहिरेपण असू शकतं. माणूस मळ समजून आठ-दहा दिवस थेंब घालत बसतो आणि उपचाराचा वेळ निघून जातो. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका बरा.

घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून खालच्या सुरात 'हं' असा लांब हुंकार भरा आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते बघा. मळानं किंवा दाबानं कान बंद असेल तर हुंकार बंद कानातच घुमतो. नस बिघडली असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. पटत नसेल तर आत्ता एका कानात बोट दाबून हुंकार भरून पाहा, बोट घातलेल्या कानात आवाज वाढेल. हुंकार चांगल्या कानात ऐकू आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बंद कानात आला तरी निर्धास्त होऊ नका. हा फक्त अंदाज आहे, आणि अचानक आलेला दडा एक-दोन दिवसांत मोकळा झाला नाही तर तपासणी हवीच.

कानातून रक्त, पू किंवा दुर्गंधी, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, तीव्र चक्कर, यांत वाट पाहायची नसते. कोरडा खोकला मात्र कधीकधी खरोखरच मळाचा असतो: कानाच्या नळीला जाणारी एक बारीक फांदी घशाकडे जाणाऱ्या वेगस नसेचीच असते, त्यामुळे मळाच्या दाबानं ठसका लागतो. किडा शिरला आणि पडदा शाबूत असेल तर आधी खोलीच्या तापमानाचं तेल घालून त्याला मारा, चिमट्यानं पकडायला जाऊ नका, आणि काढायला डॉक्टरांकडे जा.

सातपूर-अंबडचे इअरप्लग आणि मिरवणुकीतला ढोल

सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये फोमचे प्लग मिळतात, पण ते घालण्याची पद्धत कोणी दाखवत नाही. ऑइल लागलेल्या बोटांनी नुसते तोंडाशी चिकटवले तर आवाज अडत नाही आणि काळा चिकटा आत जातो. हात धुवा, प्लग चिमटीत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून पाळी वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा. फोमचा प्लग धुवायचा नसतो, मळला की फेकायचा. सिलिकॉनचे साबणानं धुऊन पूर्ण वाळवायचे, इअरबडच्या रबरी टोप्याही आठवड्यातून एकदा तशाच. ज्यांना प्लगमुळे वरचेवर मळ साचतो त्यांनी सुपरवायझरकडे बाहेरून कान झाकणारे इअरमफ मागावेत.

आपल्याकडच्या कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश ८५ सांगते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते: ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला फक्त पंधरा मिनिटं. नाशिक ढोलाच्या पथकात ओळीनं उभं राहून तासन्‌तास वाजवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःला लावून पाहावा. मळ काढता येतो; आवाजानं मेलेल्या केसपेशी, म्हणजे आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी, पुन्हा उगवत नाहीत. वाजवून झाल्यावर रात्रभर कानात शीळ राहत असेल तर पुढच्या सरावाला प्लग घालूनच जा.

घरातल्या वयस्कांसाठी

आजोबा टीव्हीचा आवाज वाढवायला लागले की थेट श्रवणयंत्राच्या दुकानात जाण्याआधी कानात दिवा लावून बघायला सांगा. मळ काढल्यावर यंत्राची गरज लांबणीवर पडल्याची उदाहरणं असतात. यंत्र घ्यायचंच असेल तरी आधी कान मोकळा हवा: मळ असताना घेतलेली श्रवणचाचणी आणि कानाच्या साच्याचं माप, दोन्ही चुकतात. आधीच यंत्र असेल आणि ते शीळ घालू लागलं तर पहिला संशय मळाचाच घ्या. रात्री यंत्र काढून कोरड्या कापडानं पुसा, सोबतच्या बारीक ब्रशनं टोक झाडा, मळ अडवणारी जाळी भरली की बदला. ज्यांना मळ साचायची खोड आहे त्यांनी दर सहा ते बारा महिन्यांनी कान दाखवावेत, आणि तारीख नातवाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवावी, कारण दडा बसल्याचं आजोबांच्या आधी घरच्यांच्याच लक्षात येतं.